तीनशे अठराव्या फॉर्मवरचे थर

सिंदी (रेल्वे)
१८ डिसेंबर २०२५

सुरभीताई,

काल बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा छपाईचा प्रोग्राम पान एकशे सहावर येऊन बंद पडला, आणि त्या घडीपासून माझं सगळंच बदललं. सकाळी ऑफिसात शिरलो तेव्हा मी 'आपला इंजिनिअर' होतो. संध्याकाळी निघालो तेव्हा भैयाजींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

तू फोन उचलत नाहीस. "तू फोनवर ओरडतो, कामाचं काहीच सांगत नाही, लिहून पाठव" हा तुझा मेसेज मिळाला. लिहितो. लिहिताना ओरडता येत नाही असं तुला वाटत असेल तर तो तुझा गैरसमज आहे.

कॉलेज सोडल्यापासून मी रोज सकाळच्या गाडीने वर्ध्याला भैयाजींच्या छापखान्यात जातो, हे आत्यानं तुला सांगितलंच असेल. भैयाजी आपल्या समाज मंडळाचे सचिव. ४ जानेवारीला उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा आहे आणि त्याची पुस्तिका आमच्याकडे छापतात. पाचशे चाळीस फॉर्म, एका पानावर तीन. यंदा फॉर्म भरायचा, फोटो लावायचा आणि पानं जुळवायचा प्रोग्राम मी लिहिला. सी प्लस प्लसमध्ये, एकट्यानं. बाबा शेतात पाणी देताना शेजारच्या धुऱ्यावरच्या, बांधापलीकडच्या माणसालाही बोलावून सांगतात, "आमच्या मुकेशनं लिव्हला."

एक ते तीनशे बारा मुलं. पान एकशे चारपर्यंत सगळं झकास. पान एकशे पाचवर मुली सुरू झाल्या आणि नावांच्या जागी कचरा. डोक्यावर टोपी घातलेले इंग्रजी ए, तुटक्या रेघा, कुठल्या देशाच्या चलनाची चिन्हं. जन्मतारीख आणि उंचीचे आकडे तेवढे शाबूत. पान एकशे सहावर तर प्रोग्रामच बंद. पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच.

फॉर्म पाहून पुन्हा टाइप कर म्हणशील. कागद नाहीत. आमच्याकडे रीत आहे. मुलींचे फॉर्म बाईमाणसानेच हाताळायचे. ऑफिसातल्या कुठल्याही गड्यानं पुस्तिका छापून होईपर्यंत ते उघडायचे नाहीत. टाइप ऑफिसातली रक्षा करते, नंतर फोटोही तीच लावते. टाइप केलेला मजकूर तिथेच स्क्रीनवर ताडून झाला की लीलाबाई, मंडळाच्या महिला अध्यक्ष, ते कागद स्वतःच्या हातानं फाडतात. पोरींची माहिती रद्दीच्या दुकानात जाऊ नये म्हणून. रीत चांगली आहे. पण आता दोनशे अठ्ठावीस मुली फक्त माझ्या फाइलमध्ये आहेत, आणि त्याही टोप्या घालून.

फक्त मुलींचाच भाग बिघडला म्हणून सगळे रक्षाकडे बघून राह्यले. ती बिचारी नुसती "म्या काहीच नाई केलं" म्हणते. तू रोज प्रोग्रामचंच काम करतेस. सांग, काय झालं असेल?

तुझा
मुकेश


पुणे
१९ डिसेंबर

मुकेश,

ओरडणं पोचलं. आता शांत बसून वाच.

खिडकीत कोणी 'क' टाइप केला की विंडोज त्याला दोन बाइटच्या एका मोठ्या खणात ठेवतं. ही वाइड स्ट्रिंग. तू फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवतोस. तिथे तोच 'क' एकेका बाइटच्या तीन लहान खणांत जातो. ही नॅरो. फाइलमध्ये जाताना एकाचे तीन करायचे, परत येताना तिन्ही मिळून वाचायचे आणि एक करायचा. परत येताना कोणी तिन्ही बाइट सुटे सुटे उचलून तीन मोठ्या खणांत ठेवले, तर एका 'क'ची तीन परकी अक्षरं होतात. तुझे टोपीवाले ए तेच. ते तसेच पुन्हा सेव्ह केले की तीनाचे सहा बाइट होऊन बसतात. आकडे आणि इंग्रजी मात्र एकाच बाइटचे, त्यांना काही होत नाही.

शक्यता दोन. एक, रक्षाच्या मशीनवर जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट असेल आणि तिनं कुठून तरी मजकूर उचलून चिकटवला असेल. दोन, नॅरोचं वाइड करणारं तुझं स्वतःचं फंक्शन. मुलांचा भाग नीट आहे म्हणून मला पहिली जास्त वाटते, पण पाहिल्याशिवाय मी कशावरच सही करत नाही.

फंक्शन पाठव. मुलींचे फॉर्म पाठवू नकोस. तीनशे तेराच्या नुसत्या नावाचे पहिले वीस बाइट आकड्यांत लिहून दे, पुरे.

आणि जेव. आत्या म्हणजे माझी आई रोज मला विचारते की मुकेश जेवतो का, जसं काही मी इथून पाहून राह्यली.

सुरभीताई


सिंदी (रेल्वे)
२१ डिसेंबर

ताई,

वीस बाइट लिहीत बसायला माझ्याकडे वेळ नाही. पूर्ण फाइलच जोडली आहे आणि प्रोग्रामही जोडला आहे. पाहा आणि सांग. आज रविवार आहे, मेळावा चौदा दिवसांवर आहे, आणि इथे प्रत्येक जण मला येऊन शहाणपण शिकवतो. काल आमच्याकडे कागद कापणाऱ्या लहानूनं मला विचारलं, "काँप्युटर बंद करून चालू करून पाह्यला का?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मग माफी मागितली. मग पुन्हा राग आला.

तुझं पत्र मी काल भैयाजींना वाचून दाखवलं. पहिली शक्यता. दुसरी वाचायची वेळच आली नाही, कारण पहिली ऐकताच ते उठले.

"म्हंजे पोरीच्या मशीनमधीच गडबड! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

रक्षा समोरच होती. ती म्हणाली, "भैयाजी, मशीन तुमची, फॉन्ट तुमचा. मी घरून आणला का फॉन्ट?"

"उलटं बोलू नको. सोमवारपासून येऊ नको तू. मेळाव्याच्या आधी माही अब्रू घालवली."

लीलाबाईही तिथे होत्या. त्या रक्षाला एवढंच म्हणाल्या, "मी तुह्या भरोशावर पोरींचे कागद फाडले वं." रक्षाने डबा पिशवीत टाकला आणि गेली. आष्टीकडच्या एका खेड्यातून येऊन वर्ध्यात भाड्याच्या खोलीत राहते ती. तिच्या घरच्यांनी तिला वर्ध्याला ठेवलं ते याच कामाच्या नावावर.

मला वाईट वाटलं. पण मी काय करू? मुलींच्या फॉर्मना मी हात लावलेला नाही, एवढं तू लक्षात ठेव. मुलांचे फोटो मी खिडकी न उघडता एका दमात चढवले. मुलींचे तिनं एकेक खिडकी उघडून लावले. माझं तिकडे काही नव्हतं.

लवकर कळव. डोकं फुटेल माझं.

मुकेश


पुणे
२३ डिसेंबर

मुकेश,

आधी तीन गोष्टी, रागाच्या.

पूर्ण फाइल पाठवायचा तुला अधिकार नव्हता. मी नको म्हटलं होतं. दोनशे अठ्ठावीस मुलींचे पत्ते आणि फोन नंबर माझ्या मशीनवर येऊन पडले. काम झालं, मी ती पुसली. दुसरी गोष्ट, माझ्या पत्रातलं अर्धं वाचून तू एका मुलीचं काम घालवलंस. तिसरी गोष्ट माझीच. पाहिल्याशिवाय "पहिली जास्त वाटते" हे मी लिहायला नको होतं. त्या वाक्याचं ओझं माझ्यावरही आहे.

आता चूक. रक्षाच्या मशीनचा काही संबंध नाही. नॅरोचं वाइड करणाऱ्या तुझ्या फंक्शनमध्ये तू लांबी मोजलीस, तेवढे मोठे खण मागितलेस आणि एकेक बाइट उचलून एकेका खणात टाकलास. कंपायलर काही बोलला नाही, कारण त्याच्या लेखी यात गैर काही नाही. तू 'Mukesh' टाइप करून तपासलं असणार. इंग्रजीत ते बरोबरच येतं.

फोटोच्या खिडकीत नाव दिसत नाही, नुसता फॉर्म नंबर आणि फोटो. पण ती उघडताना तुझा प्रोग्राम पूर्ण नोंद वाचतो आणि बंद करताना पूर्ण नोंद पुन्हा लिहितो, काही बदललं नसलं तरी. म्हणजे खिडकी एकदा उघडली की मजकुरावर एक थर चढतो. दुसऱ्यांदा उघडली की दुसरा. प्रत्येक थराला मराठी मजकूर दुप्पट होतो, आणि कोणाला काही दिसत नाही.

दिलासा एवढाच की फाइलमध्ये कुठेही मजकूर कापला गेलेला नाही, त्यामुळे थर उलटे काढता येतात. मी काढून पाहिले. बहुतेक मुलींवर एक थर आहे. सतरा जणींवर दोन, रक्षानं फोटो बदलला असेल. आणि तीनशे अठरा नंबरवर अकरा.

अकरा, मुकेश. नऊशे बाइटचा मजकूर अठरा लाखांच्या वर गेला होता. छपाईचा प्रोग्राम चौसष्ट हजारांपुढे घेत नाही, म्हणून तो पान एकशे सहावर पडला. तुझा प्रोग्राम एका मुलीच्या वजनानं पडला.

बरोबर निघालं की नाही ते पाहायला मला ती नोंद वाचावी लागली. नाव वाचलं. तुझ्याच कॉलेजची आहे.

मी साफ केलेली फाइल तुला पाठवणार नाही. पद्धत खाली लिहिली आहे. तुझ्या हातानं काढ.

पण त्याआधी मला सांग, रक्षाचा एक धरला तर बाकीचे दहा कोणाचे?

सुरभीताई


सिंदी (रेल्वे)
२३ डिसेंबर

टेस्टिंग करत होतो.

प्रोग्राम माझा आहे, कुठली तरी नोंद उघडून पाहावीच लागते. तीनशे अठरा सहज हाताला लागली. तू मला फंक्शन विचारायला बसली होतीस की माझी चौकशी करायला? पुण्याला बसून सगळ्यांना सगळं कळतं. पद्धत मिळाली, धन्यवाद. मी ती चालवतो, पुस्तिका छापून देतो, कोणाला काही सांगायची गरज नाही. पुन्हा त्रास देणार नाही.

मुकेश


पुणे
२४ डिसेंबर

टेस्टिंग करणारा निदान एकदा तरी नावाची खिडकी उघडतो. तू दहा वेळा नुसता फोटो उघडलास. नावाची खिडकी एकदा जरी उघडली असतीस, तर कचरा तुला केव्हाच दिसला असता.

गुपचूप दुरुस्त करून छापलंस तर पुस्तिका छान निघेल, यात शंका नाही. रक्षा मात्र बिघडवणारीच राहील.

मी वाट पाहते.

सु.


सिंदी (रेल्वे)
२७ डिसेंबर

ताई,

तीन दिवस तुला शिव्या दिल्या. मनातल्या मनात. पत्रात लिहिल्या नाहीत, हे उपकार समज.

चारुता. नाव तुला माहीतच आहे, आता लिहायला काय. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरून आलेला परीक्षक म्हणाला, "ही जर्नल तुझ्या हातची नाही." माझ्याच हातची होती. मी ती त्याच्यासमोर टराटरा फाडली आणि बाहेर आलो. ती मागून आली. व्हरांड्यात उडालेली पानं गोळा केली, नंबरवार लावली, पिना मारल्या आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "आत जाऊन सॉरी म्हण. दोन मिनिटांचं काम आहे." मी नाही गेलो. त्या दिवसापासून कॉलेजलाच गेलो नाही. तिच्याशी पुन्हा बोललो नाही. काय बोलणार होतो? ती पास झाली, नोकरीला लागली. मी पॅसेंजरने जाऊन छापखान्यात बसतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रक्षा जेवायला गेली होती आणि तिची यादी टेबलावर होती. तीनशे अठरापुढे ते नाव. मी म्हटलं, एकदा पाहू. निळ्या ओढणीतला फोटो आहे. मग रोज रक्षा जेवायला गेली की एकदा. मजकूर मी कधीच उघडला नाही, कारण तिच्या अपेक्षा काय लिहिल्या आहेत ते मला वाचायचं नव्हतं. वाचलं असतं तर कदाचित उघडणं थांबलं असतं. माझ्याच फंक्शननं माझी हजेरी लावली, ताई. एक दिवस चुकली नाही.

पद्धत मी प्रतीवर चालवून पाहिली. चालते. पुस्तिका कालच छापता आली असती.

काल रक्षा आली होती. आत नाही आली. बाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि लहानूला पाठवून मला बोलावलं.

"मुकेशभाऊ, एक सांगा. माह्यानं कोठी चुकलं? मी रातदिन तेच आठवून राह्यली. एकेक फोटो मी स्केल लावल्यासारखा लावला. चूक तरी दाखवा. म्हंजे दुसरीकडं गेली तर करणार नाई."

मी म्हणालो, "पाहतो." ताई, मी फक्त "पाहतो" म्हणालो! ती बरं म्हणून निघून गेली. मी आत येऊन एवढा चिडलो की कीबोर्ड आपटला. भैयाजी म्हणाले, "काऊन बे, कीबोर्डनं काय केलं तुहं?"

मंगळवारी ३० तारखेला मंडळाची बैठक आहे. मी सांगणार आहे. सगळं, नावासकट, एकदाचं.

मुकेश


पुणे
२७ डिसेंबर, संध्याकाळ

नावासकट? थांब.

ते नाव सांगायचा निर्णय तुझा नाही. बैठकीत तू मोकळा होशील आणि दुसऱ्या दिवशी समाजात चर्चा तिची होईल. आधी तिला लिही. काय झालं ते सांग आणि तिला विचार. प्रेमाचं एक अक्षर लिहू नकोस.

सु.


सिंदी (रेल्वे)
२८ डिसेंबर २०२५

चारुता,

मी मुकेश, कॉलेजातला. तुझा फोन नंबर तुझ्या परिचय फॉर्मवर आहे, पण तो फॉर्म मी पाहायचा नव्हता, म्हणून तो नंबर वापरत नाही. वर्गाच्या जुन्या यादीतल्या मेलवर लिहितो आहे.

मंडळाची पुस्तिका ज्या प्रोग्रामवर तयार होते तो माझा आहे. मुलींचे फॉर्म ऑफिसातल्या पुरुषांनी उघडायचे नाहीत असा नियम आहे. मी तुझा फोटो दहा वेळा उघडला. माझ्या फंक्शनमध्ये चूक होती. खिडकी उघडली की मजकुरावर थर चढायचा. त्यामुळे तुझी नोंद फुगली, छपाई थांबली आणि ठपका रक्षावर आला, जिनं फक्त आपलं काम केलं होतं. तिला कामावरून काढलं आहे.

मंगळवारी बैठकीत मी हे सांगणार आहे. तुझं नाव घ्यायचं की नाही, ते तू सांग. तुझी नोंद पुस्तिकेत राहू द्यायची की काढायची, तेही.

कारण लिहीत नाही. तुला कळेल किंवा कळणार नाही.

मुकेश


वर्धा
२९ डिसेंबर

मुकेश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा राग आला. अजून आहे.

तो फोटो काढायला मी तयार नव्हते. आई महिनाभर मागे लागली तेव्हा कुठे स्टुडिओत गेले. बाबांनी, कृष्णकांत गुरुजींनी, तो पाकिटात बंद करून स्वतः लीलाबाईंच्या हातात दिला. त्यांना माहीत होतं तो कोणाकडे जाणार आणि कोणाकडे नाही. तो मंडळाला दिला होता. तुला दिला नव्हता. मी तिथे डोळे मिटून बसले आहे आणि कोणी तरी रोज येऊन पाहून जातं, असं वाटतंय मला आता.

कारण मला कळतं. मी काही लहान नाही. तू समोर येऊन विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. पण ते 'नाही' माझं असतं. तू मला तेवढंही म्हणू दिलं नाहीस.

माझं नाव घ्यायचं नाही. नंबर सांगायचा नाही. कोणी कितीही दाबलं तरी नाही. रक्षाचं सगळं सांगायचं.

माझी नोंद काढायची नाही. ती नीट करायची आणि बाकीच्यांसारखी छापायची. मेळाव्याला जायचं की नाही ते मी ठरवीन.

उत्तर पाठवू नकोस.

चारुता


सिंदी (रेल्वे)
३१ डिसेंबर २०२५

ताई,

झालं. जसं झालं तसं लिहितो.

बैठकीला अध्यक्ष अण्णाजी, भैयाजी, लीलाबाई आणि चार सदस्य. रक्षाला मीच बोलावलं होतं. ती दाराशी स्टुलावर बसली. भैयाजींनी तिला पाहिलं आणि मला म्हणाले, "हिले काऊन आणलं?"

मी उभा राहिलो. तू फोनवर सांगितलं होतंस की हात खिशात ठेव, ते ठेवले.

"चूक रक्षाची नाई. फंक्शन मी लिहिलं, ते चुकलं. फोटोची खिडकी उघडली की मजकूर बिघडत होता. तिचं कामच खिडकी उघडाचं होतं. तिच्या जागी कोणी बी असतं तरी हेच झालं असतं."

"मंग छपाई कायले बंद पडली?"

"एक खिडकी पुन्हा पुन्हा उघडली गेली. ती मी उघडली. दहा वेळा."

अण्णाजींनी चष्मा काढला. "पोरीच्या फॉर्मची?"

"हाव."

"कोणाच्या?"

"ते मी सांगत नाई."

मग जे सुरू झालं ते तुला काय सांगू. भैयाजी टेबलावर हात आपटत होते. "माह्या छापखान्यात बसून हे धंदे! नाव सांग. तिच्या बापाले बोलावू, समोरासमोर होऊन जाऊ दे." एक सदस्य म्हणाला, पोरीचं बी काही असंन, त्याशिवाय पोट्टा इतकेदा कायले पाहीन. ताई, त्या क्षणी माझे हात खिशातून बाहेर आले होते. मी त्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. तो खुर्चीसकट मागं सरकला.

लीलाबाई मधे आल्या. मला नाही, त्यांना म्हणाल्या. "तुमाले नाव कायले पायजे, भैयाजी? नाव भेटलं तर फाइल दुरुस्त होते का? पोरींचे कागद माह्या ताब्यात होते. नाव या खोलीत निघणार नाई. विषय संपला." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू. तुह्या मायनं फॉर्म भरला असता तर तिले कसं वाटलं असतं, याचा इचार कर. आता बस इथं, माह्यासमोर दुरुस्त कर."

आम्ही छापखान्यात आलो, लीलाबाई, रक्षा आणि मी. लीलाबाईंनी एक कोरं पाकीट घेतलं आणि स्क्रीनवर जिथे फोटो येतो तिथे चिकटपट्टीनं लावलं. फोटो येणारच नव्हता, मी नुसत्या बाइटवर काम करत होतो. तरी ते मी तसंच राहू दिलं.

आधी फंक्शन बदललं. तिन्ही बाइट एकत्र वाचणारं विंडोजचं स्वतःचं फंक्शन वापरलं. आधी किती खण लागतील ते त्यालाच विचारायचं, मग तेवढेच मागायचे. फोटोची खिडकी आता बंद करताना काही लिहीत नाही. मग दोनशे सत्तावीस नोंदी चालवल्या. एक थर, कुठे दोन. मिनिटभराचं काम. शेवटी ती एक उरली. तू म्हणालीस तसा उलटा चालवला. अठरा लाखांचे नऊ लाख झाले. पुन्हा. साडेचार. पुन्हा. प्रत्येक वेळी तेच बटण, तोच आवाज, आणि दोघी माझ्या मागे उभ्या. मध्येच मला वाटलं उठून पळावं. रक्षा तोंडातल्या तोंडात मोजत होती, तिला लपवायचंही सुचलं नाही. अकराव्यांदा देवनागरी आली.

लीलाबाई म्हणाल्या, "तू तिकडं पाय." मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी आणि रक्षानं मिळून नोंद ओळ न ओळ वाचली, मनातल्या मनात. बराच वेळ लागला. तिच्या अपेक्षा त्या दोघींनी वाचल्या. मी भिंतीवरचं शाईच्या कंपनीचं कॅलेंडर वाचलं.

"बरोबर आहे," लीलाबाई म्हणाल्या.

मी रक्षाची माफी मागितली. मला वाटलं होतं ती 'जाऊ द्या' म्हणेल. तसं नाही म्हणाली. म्हणाली, "दहा दिवस, मुकेशभाऊ. बाबानं फोनवर मले विचारलं, खरं सांग, तू काय चोरलं? माहा बाप. तुमी त्या दिवशी रस्त्यावर 'पाहतो' म्हणले, तवा तुमाले ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मंग?"

ताई, मला रागसुद्धा आला नाही. माझ्याजवळ नेहमी निदान राग असतो.

भैयाजी आले. माझ्याकडे न पाहता लीलाबाईंना म्हणाले की रक्षाला कामावर घेऊ, आणि हा उद्यापासून नको. मी म्हणालो, प्रोग्राम कसा चालवायचा ते रक्षाला लिहून देतो. दोन पानं लिहिली, मराठीत, सोपी. खाली लिहिलं की चूक कुणाची होती. सही केली. तारीख टाकली.

रक्षानं कागद घेतला, वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. छपाईच्या मशीनवर नव्या प्लेटा चढत होत्या. लहानूनं मला हाक मारली, चहा घेऊन जा म्हणे. मी खुर्चीतच बसलो होतो, का ते माहीत नाही.

"उठा आता, मुकेशभाऊ," रक्षा म्हणाली. "मले बसाचं आहे. पानं लावाची आहेत."

मी उठलो. खुर्ची तिच्याकडे सरकवली, स्वेटर घेतला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.